शालनताईंची डबल बेल

आमच्या डोक्यावर रोज सकाळी एसटी सुटते. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि शालनताई दुसऱ्या, त्यामुळे डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर. आधी वरून आवाज येतो, "चला, पुढं सरका, दारात गर्दी करू नका." मग थोडी धक्काबुक्की. मग, "ए दिंडोरी, तुझं इंजेक्शन झालंय ना? मग परत लाइनीत कशाला?" आणि शेवटी स्टीलच्या ताटलीवर लोखंड वाजल्याचा आवाज. टण टण. गाडी सुटली.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची जुनी इमारत आहे, लिफ्ट नसलेली. नवीन भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठून हळूच विचारतो, वरच्या बाई ठीक आहेत ना? मी सांगते, एकदम ठीक आहेत. वेड्या असत्या तर परवडलं असतं, वेड्या माणसाशी रोज भांडावं लागत नाही.

शालनताई गांगुर्डे एसटीत कंडक्टर होत्या. नवरा ड्रायव्हर, तो लवकर गेला आणि त्याच्या जागेवर या लागल्या. नाशिक-कळवण ही त्यांची लाइन. नोकरी संपली, खाकी गेली, पण तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच त्यांनी जवळ ठेवलाय. तो सदा गाउनच्या खिशात असतो. एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे आपल्याला माहीत असतं. पण कंडक्टरचा त्याहून मोठा एक नियम आहे, तो त्यांनी मला शंभरदा ऐकवलाय. उतरणाऱ्याचा पाय जमिनीला लागल्याशिवाय बेल द्यायची नाही. मग ड्रायव्हर कितीही बोंबलू दे.

दुसरा नियम, फुकट कुणाला न्यायचं नाही. सख्खा दीर स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता, वहिनीची गाडी म्हणून तिकीट काढेना. त्याला त्यांनी म्हसरूळला उतरवलं. साखरपुडा तासभर खोळंबला. ती जाऊ अजून यांच्याशी बोलत नाही. "न बोलू दे," शालनताई म्हणतात, "तिकीट ते तिकीट."

अशा बाईच्या घरात तीन मांजरं आहेत आणि तिन्ही आजारी. आजारी म्हणजे चार दिवस औषध घेतलं आणि बरं झालं असं नाही, जन्माचं दुखणं. नावं लाइनवरच्या स्टॉपांची, आली त्या क्रमानं. पहिली दिंडोरी, जाडी, तिला साखर. दोन्ही वेळा खाणं झालं की इन्सुलिन. दुसरी वणी, करडी, हाडकुळी, तिची किडनी गेलेली. तिसरा नांदुरी, बोका, त्याला दमा. त्याच्या तोंडाला चोंगा लावून पंप द्यावा लागतो, तेव्हा त्या त्याला म्हणतात, "खिडकी लावून घ्या साहेब, धूळ येते." पुढचं मांजर आलं तर त्याचं नाव कळवण का, असं मी एकदा विचारलं होतं. तर एकदम भडकल्या. "कळवण कशाला? कळवण आलं की गाडी रिकामी होते. मागची सगळी बाकं मोकळी, आणि आपण एकटं बसून हिशोब जुळवायचा. नको ते नाव."

माझा या सगळ्याशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. मी घरातच ब्लाउज शिवते. मांजराचा एक केस रेशमावर पडला तर गिऱ्हाईक माझा जीव घेतं. आणि वरून हे केस वाऱ्याबरोबर यायचे, नेमके पैठणीच्या ब्लाउजवर. एकदा येवल्याच्या जांभळ्या काठावर पांढरे केस बघून माझं डोकं फिरलं. मी तो ब्लाउज घेऊन तणतणत वर गेले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये छताला झोपाळ्याच्या कड्या आहेत, पण झोपाळा नाही. एका कडीला सलाइनची बाटली लटकत होती. खाली वणीला मांडीत दाबून शालनताई बसल्या होत्या, तोंडात सुईचं टोपण.

"टेलर, बरी आलीस," त्या टोपणासकट म्हणाल्या. "धर हिला. तुझे हात चांगलेत."

मी भांडायला आले होते हो. पण ते करडं जनावर माझ्याकडे बघत होतं, आणि हात आपोआप पुढे गेला. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झाली की त्यात सुई सरकवायची, मग धार चालू. सलाइन आधी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. संपेपर्यंत पाठीवर एवढा मोठा फुगा येतो, आणि तो दिवसभर हळूहळू पायाकडे उतरत जातो. शालनताईंनी सुई काढली, पंच ताटलीवर वाजवला, टण टण, आणि वणी झोकांड्या खात पलंगाखाली गेली. ब्लाउजचं मी विसरलेच. खाली आल्यावर आठवलं, तेव्हा मला स्वतःचाच भयंकर राग आला.

तेव्हापासून मी ठरलेलं माणूस. एक दिवसाआड जिन्यातून हाक यायची, "टेलर, सलाइन." समोर गिऱ्हाईक उभं असो, माप चालू असो, काही फरक नाही. गोळी देताना वणी पंजे मारायची, म्हणून मला पिशवी शिवायला लावली, मान बाहेर आणि पंजे आत. कापड माझ्याकडचंच. ओटीत येतात ते फिरते ब्लाउजपीस, जे एका बाईकडून दुसरीकडे जातात आणि कुणी कधी शिवत नाही, त्यांचं एक कपाट भरलंय माझ्याकडे. मी टेप घेऊन मांजराचं माप घेतलं. शालनताई म्हणाल्या, "छातीत सैल ठेव, कमरेला हरकत नाही, तिला कंबर नाहीये." पोपटी रंगाला जरीची बुट्टी असलेली ती पिशवी घालून वणी बसली की मला माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा तिचं फिटिंग बरं वाटायचं.

आता मुद्द्याचं सांगते. वणीचं दिवसेंदिवस खाणं तुटत चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, हिला जगवायचं तर किडनीचंच खाणं द्यायचं, दुसरा घास नको. शालनताईंनी सगळ्या इमारतीला जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं होतं, "माझ्या मांजरांना कुणी काही खायला घालायचं नाही. घातलं तर माझ्याशी गाठ आहे." आणि मग वाटीत ते मचूळ खाणं घेऊन वणीपुढे तासन्‌तास मांडी घालून बसायच्या. रागावल्या की त्या कळवणकडची अहिराणी बोलतात, आणि मायेत आल्या तरी तीच, त्यामुळे बाहेरून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. "खाय व माय. एक घास खाय. नखरा नको करू, माले वेळ नही शे."

लोकांना काय, तोंड असतं. माझ्या दुकानात बसून बायका म्हणायच्या, "मांजरासाठी एवढं? इथं माणसांना औषध मिळत नाही." माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मी टेप गळ्यात टाकून विचारायची, तुम्ही आजवर कोणत्या माणसाला औषध नेऊन दिलंत, त्याचं नाव सांगा. ज्यांनी सासूला डॉक्टरकडे न्यायला नणंदेची वाट पाहिली, त्यांनी मला माणुसकी शिकवू नये. दोन गिऱ्हाइकं तुटली माझी यात. तुटू देत.

डॉक्टरांचा दवाखाना पार द्वारका चौकाच्या पलीकडे, कारण जवळच्या सगळ्यांशी शालनताईंचं वाजलेलं होतं. एकदा वणीला न्यायचं होतं आणि द्वारकेला आमची रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे बस, बाजूनं मोटारसायकली, कुणी हलेना. टोपलीत वणी तोंड उघडून श्वास घेत होती. शालनताई उतरल्या. गाउनवर ओढणी, पायात स्लिपर. त्यांनी पंच काढला आणि ट्रकच्या दारावर हाणला. "ओ, मागं घ्या. मागं जागा आहे. अजून. अजून. बास." ट्रकवाला घाबरून मागे गेला, एवढी त्या आवाजाला हुकूम सोडायची वर्षांची सवय. बसच्या ड्रायव्हरनं तर हात जोडले. वाट मोकळी झाली, त्या रिक्षात बसल्या, दांडीवर टण टण, आणि रिक्षावाला मुकाट्यानं निघाला. सगळा रस्ता त्या शिव्या देत होत्या आणि एक हात टोपलीत होता.

वणी दुसऱ्या कुणाच्या वाऱ्याला उभी राहायची नाही, माझ्याही नाही. फक्त तळमजल्यावरच्या माईंच्या मांडीवर जायची. माई म्हणजे आमचे चेअरमन बोरस्ते यांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, दिवसभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. सकाळचं ऊन तिथं येतं. वणी हळूहळू पायऱ्या उतरून जायची आणि माईंच्या मांडीत मुटकुळं करून पडायची. माईंशी सगळ्या इमारतीत कुणी पाच मिनिटं बोलत नव्हतं, हेही सांगून ठेवते.

श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण असतो, पार्किंगमध्ये. शिरा बोरस्त्यांच्या घरचा. त्यांचा ओझरकडे द्राक्षाचा मळा आहे, त्यामुळे त्यांच्या शिऱ्यात बेदाण्यांमधून रवा शोधावा लागतो. पूजा झाली, आरती झाली, वाट्या फिरल्या. मी वाटीतला दुसरा घास घेते तेवढ्यात शालनताई जिन्यातून खाली आल्या आणि थबकल्या. माईंच्या खुर्चीपाशी वणी बसली होती आणि मान खाली घालून, चाटूनपुसून, माईंची वाटी साफ करत होती. इतक्या आठवड्यांत ती असं खाताना मी पाहिली नव्हती.

शालनताईंनी वाटी हिसकावली ती सरळ भिंतीवर गेली. शिरा सत्यनारायणाच्या चौरंगापर्यंत उडाला.

"काय करी ऱ्हायन्या तुम्ही? सांगेल व्हतं ना मी? कोनी काही घालानं नही म्हनीसन?"

माई गोंधळल्या. पदर सावरत म्हणाल्या, "मी खायला कुठं घातलं, शालन? प्रसाद दिला."

आणि बघा, त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आपल्याकडे उपासाच्या दिवशीसुद्धा प्रसाद घेतात, उपास मोडत नाही. प्रसाद म्हणजे खाणं नाहीच. आणि दारात आलेल्याला प्रसादावाचून परत पाठवायचं नाही, मग तो माणूस असो की मांजर. त्यांच्या हातून दुसरं काही होणारच नव्हतं. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मला राग आला होता, माईंचा, शिऱ्याचा आणि भिंतीवर शिरा बघून तोंडाला हात लावणाऱ्या सगळ्या बायकांचा.

"मारं तुम्ही तिले," शालनताई म्हणाल्या. वणीला उचललं आणि गेल्या.

चेअरमननी मीटिंग बोलावली. प्रसादाचा अपमान झाला, सर्वांसमोर माफी मागा, नाहीतर मांजरं हलवा. शालनताई गेल्याच नाहीत, त्यांना वेळ कुठं होता? मी गेले. मी म्हटलं, माफी कसली मागायची? बाई वर मरणाऱ्या जिवाजवळ बसलीय, आणि तुम्हाला भिंतीच्या रंगाची पडलीय? बोरस्ते म्हणाले, वहिनी, तुम्ही आवाज खाली ठेवा. मी म्हटलं, माझा आवाज खालीच आहे, मी पहिल्या मजल्यावर राहते, वरचा आवाज हवा असेल तर दुसऱ्या मजल्यावरून मागवते. पुढची मीटिंग आजपर्यंत झालेली नाही.

शिऱ्यानंतर वणी ओकायला लागली ती थांबेना. आम्ही परत द्वारका ओलांडून गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं आणि विचारलं, काय खाल्लं होतं. आम्ही सांगितलं. "बेदाणे चालत नाहीत मांजरांना," त्या म्हणाल्या, "आणि हिची किडनी आधीच अर्धमेली. आता ती उरलेली पण थांबली." त्यांनी इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवायचं सुचवलं. शालनताईंनी टोपलीचं झाकण लावलं. "गाडी मधेच सोडून कंडक्टर जात नाही," एवढंच म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी मग दुखू नये म्हणून औषध दिलं. हे जे बोलणं झालं ते त्या खोलीत आम्ही दोघींनी ऐकलं, तिसऱ्या कुणी नाही.

वणी गेली ती दुपारी. मला हाक आली, "टेलर," पुढचा शब्द आला नाही. मी गेले. कडीला बाटली नव्हती. वणी त्यांच्या मांडीवर होती, पोपटी पिशवी अंगाखाली घातलेली. बाजूला दिंडोरी आणि नांदुरी दोघंही गप्प बसली होती, आणि ती दोघं कधी गप्प बसत नाहीत. वणीचा श्वास फार लांब लांब यायला लागला. शालनताईंनी तिच्या कानामागे बोट फिरवलं.

"उतर व माय," त्या म्हणाल्या. "सावकाश उतर. तुना स्टॉप उना."

मग पुढचा श्वास आलाच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून पंच काढला आणि ताटलीच्या काठावर वाजवला. एकदाच. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरून एक बेल कधी ऐकली नव्हती. मी दुसरीची वाट बघत राहिले, आणि मग मला जे रडू कोसळलं, ते माझ्या सख्ख्या माणसांसाठीसुद्धा नव्हतं आलं.

गोदावरीच्या बाजूला एका ओळखीच्या मळ्यात आम्ही तिला पुरलं, पिशवीसकट. परत आलो. मी त्यांना चहा करून देत होते, तेवढ्यात दारात धापा ऐकू आल्या. माई. गेलेले गुडघे घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी करत दोन मजले चढून आल्या होत्या. सत्यनारायणाच्या दिवसापासून त्यांची खुर्ची जिन्याच्या तोंडाशी दिसली नव्हती.

मी मनात म्हटलं, बरं झालं आल्या. आता ऐका. तोंडापर्यंत सगळं आलं होतं माझ्या, बेदाणे, डॉक्टरबाई, सगळं.

माई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "शालन," त्या म्हणाल्या, "खरं सांग गं. माझ्या प्रसादानं गेली का ती?"

शालनताईंनी त्यांच्याकडे बघितलं. ज्या बाईनं सख्ख्या दिराला सोडलं नाही, तिच्याकडून काय उत्तर येणार ते मला माहीत होतं.

"नाही, माई. प्रसादानं कुणी जातं का? डॉक्टर म्हणाली, वय झालं होतं. दिवस भरले होते तिचे. उलट किती दिवसांनी पोटभर खाल्लं तिनं. तुमच्या हातचं."

माईंचे डोळे भरून आले. "मी माझीच वाटी दिली गं तिला. मला गोड बंद केलंय ना घरच्यांनी. वाटी हातात देतात फक्त, आणि वरून बघत बसतात, खाते की काय. म्हटलं, आपण नाही तर नाही, तिनं तरी तोंड गोड करावं."

"चांगलं केलंत," शालनताई म्हणाल्या. "मी ओरडले ते मनावर घेऊ नका. माझं तोंडच तसलं आहे. आणि उद्यापासून खुर्ची बाहेर टाका. दिंडोरीला पाठवते खाली, तिला ऊन लागतं. तिलाही गोड बंद आहे, तुमचं दोघींचं जमेल."

माई वळल्या आणि उतरायला लागल्या. मी आतून नुसती उकळत होते. त्या दोन पायऱ्या गेल्या नाहीत तोच मी दबक्या आवाजात म्हटलं, "हे काय केलंत? आयुष्यात कुणाला फुकट सोडलं नाहीत, आणि हिला सोडलंत?"

"गप," शालनताई म्हणाल्या. "माणूस उतरतंय."

त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, एक हात कठड्यावर. खालून माईंच्या पावलांचा आवाज येत होता. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. पहिल्या मजल्यावर त्या टेकल्या असाव्यात. शालनताई वाकून कान देऊन उभ्याच. चहा माझ्या हातात निवला. मग कितीतरी वेळानं तळमजल्याचं दार उघडलं, आणि आतून कडी लागली.

तेव्हा कुठं त्यांनी खिशातून पंच काढला आणि कठड्यावर दोनदा टेकवला, खाली ऐकू जाणार नाही इतक्या हळू.